घरच्या हातांची मजुरी

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की, आमच्या लहानपणी घरातून मैदा, तूप आणि पिठीसाखर यांचे डबे बाहेर निघत आणि सौंसरच्या भट्टीकडे रवाना होत. भट्टीवाला आपल्यासमोर पीठ मळून देई, पत्र्यावर गोळे मांडी आणि आपला क्रमांक लागेपर्यंत आम्ही मुले त्या उबदार, वेलचीच्या वासाने भरलेल्या अंधारात ताटकळत बसत असू. नानकटाई घरची, पण भट्टी परक्याची, अशी ती व्यवस्था होती. मराठी गृहिणीच्या चुलीवर भाजणे होते, तळणे होते, उकडणे होते. मात्र बंद भट्टीत चोहोबाजूंनी शेकणे नव्हते. ते काम बाजाराचे. आता विजेची लहान भट्टी घरोघरी आली आणि बाजाराचे ते काम स्वयंपाकघरात शिरले. त्याबरोबरच अनेक भगिनींच्या मनात एक विचारही शिरला, की ही नानकटाई, हा केक, ही खारी आपण चार घरी विकली तर?

प्रस्तुत लेखकाच्या घरात हा विचार २०२१ साली शिरला. त्याची हकीगत आणि तिच्यातून हाती आलेला हिशेब वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. हकीगतीत माझी स्वतःची बाजू फारशी भूषणावह नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मागचे दार

बोरगाव हे सौंसर तालुक्यातले गाव. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचा हा टापू संत्र्यांचा आणि कापसाचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला; ५ ऑक्टोबर २०२३ पासून सौंसर आणि पांढुर्णा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सरकारी कागद हिंदीत आणि घरचे बोलणे मराठीत, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. बोरगावला औद्योगिक क्षेत्र झाले, रेमंडसारखा कापडाचा मोठा कारखाना आला, आणि पाळी सुटण्याच्या वेळी चहाच्या टपऱ्यांवर टोस्ट, खारी आणि बिस्किटांचे पुडे भराभर संपू लागले.

माझी धाकटी बहीण २०२० मध्ये वैधव्य पदरी घेऊन, शाळकरी मुलीसह माहेरी परत आली. तिचे दुःख मोठे होते. पण दिवस जसजसे गेले तसतसे त्याहून अधिक बोचणारे काही तिच्या वागण्यात मला दिसू लागले. भाजी निवडताना, पाणी भरताना, अगदी जेवायला बसतानाही ती जणू परवानगी मागत असे. मुलीच्या वहीसाठी पैसे मागताना तिचा आवाज बदले. मी तिला कधी उणे बोललो नाही. परंतु न बोलणे म्हणजे समजून घेणे नव्हे, हे मला तेव्हा उमगले नव्हते.

पुढल्या वर्षी तिने आपली एक बांगडी मोडून विजेची भट्टी आणली आणि म्हणाली, "दादा, दिवाळीला नानकटाई करून विकते म्हणते. तुमची हरकत नाही ना?"

माझी हरकत होती. मुख्याध्यापकाच्या घरातून बिस्किटे विकली जाणार! ज्यांच्या मुलांना मी व्याकरण शिकवले, त्यांच्या दारी माझी बहीण डबे घेऊन जाणार! तोंडाने मी एवढेच म्हणालो, "कर; पण लोकांची ये-जा पुढच्या ओसरीवरून नको. मागच्या दाराने होऊ दे." तिने मान हलविली. त्या दिवाळीला आमच्या घराच्या मागच्या दाराने चाळीस किलो नानकटाई बाहेर पडली.

चहा, बिस्किट आणि प्रायश्चित्त

पुढे शाळेतल्या एका कार्यक्रमात मी मुलांना १८९० सालचे पुण्याचे पंचहौद मिशनचे प्रकरण सांगत होतो. वाचकांपैकी अनेकांना ते ठाऊक असेल. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव यांनी पुण्यातील मान्यवरांना त्या मिशनमध्ये जमविले. तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी केवळ शिष्टाचार म्हणून पेल्याला हात लावला. मग उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात प्रसिद्ध झाली आणि गावात ग्रामण्य माजले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या वादातून जावे लागले. त्याआधी, १८४९ च्या सुमारास मुंबईत दादोबा पांडुरंग आदींनी स्थापन केलेल्या परमहंस सभेत, जातिभेद न मानण्याची खूण म्हणून पावाचा तुकडा खाण्याची रीत होती. पाव हा शब्दच मुळी पोर्तुगिजांकडून आलेला. तो परधर्मीयांच्या भट्टीतला. म्हणून तो खाणे म्हणजे बाटणे, अशी समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ होती.

मी हे सारे रंगवून सांगितले आणि शेवटी म्हणालो, "ज्या बिस्किटासाठी आमचे पूर्वज एकमेकांना वाळीत टाकत, ते आज बाळाच्या हाती आपण निःशंकपणे देतो. विचार किती बदलले पाहा!" टाळ्या पडल्या.

माझी भाची त्याच सभेत बसली होती. घरी आल्यावर जेवताना ती सहज म्हणाली, "मामा, तुम्ही त्या वेळी असता तर चहा पिणाऱ्यांत असता, की नावं छापणाऱ्यांत?"

माझ्या बहिणीने तिला डोळ्यांनी दटावले. मी हसण्याचा प्रयत्न केला. पण घास घशात अडकला. खाण्याचा विटाळ गेला होता खरा. विकण्याचा विटाळ मात्र मी स्वतःच्या घरात जपून ठेवला होता आणि त्यासाठी मागच्या दाराची योजना केली होती. दुसऱ्या दिवशी मी बहिणीला म्हणालो, "पुढचे दार उघड. आणि तुझी वही आण, हिशेब पाहू."

एकशे सत्तर रुपये

वही नव्हतीच. एक डबा होता. त्यात दिवाळीच्या विक्रीतून पदरचा खर्च वजा जाता उरलेले ५,८४० रुपये होते. तिच्या दृष्टीने ही सारी कमाई. ते पैसे तिने माझ्यापुढे ठेवले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होते, ते मोडण्याचे काम मला करावे लागले. शिक्षकाच्या सवयीप्रमाणे मी कागद ओढला आणि एका किलोचा जमाखर्च मांडला.

साधारण किलोभर नानकटाईला मैदा ४०० ग्रॅम, बेसन व रवा मिळून १०० ग्रॅम, तूप २५० ग्रॅम आणि पिठीसाखर २५० ग्रॅम. मैद्याचे १३ रुपये, बेसन-रव्याचे ७, साखरेचे १०, वेलची आणि बदामाचे १५, खोके आणि चिठ्ठीचे १५. एकूण ६० रुपये. हा तिचा खर्च. विक्रीचा भाव किलोला २२० रुपये. तेव्हा किलोमागे १६० रुपयांचा नफा, असे तिचे गणित.

"आणि तूप?" मी विचारले.

"तूप तर घरचंच होतं, दादा."

घरचे म्हणजे आमच्या दोन म्हशींचे. माझ्या पत्नीने महिनोन्‌महिने साठविलेले. बेचाळीस किलो नानकटाईला साडेदहा किलो तूप लागले होते आणि त्या वेळच्या पाचशे रुपये भावाने त्याची किंमत ५,२५० रुपये झाली. विजेचा आकार किलोमागे दहा रुपये धरला तर ४२० रुपये. तो माझ्या बिलात मिसळला होता. बेचाळीस किलो भाजली, चाळीस विकली. दोन किलो मोडकीतोडकी शेजारीपाजारी वाटण्यात गेली. विकलेल्या चाळीसपैकी दोन किलोचे ४४० रुपये उधारीत बुडाले, कारण ती माणसे नात्यातली होती. सारे वजा केल्यावर डब्यातल्या ५,८४० रुपयांपैकी खरोखर उरलेली रक्कम निघाली १७० रुपये.

त्यासाठी तिने अकरा दिवस, रोज सुमारे आठ तास काम केले होते. म्हणजे अठ्ठ्याऐंशी तासांचे एकशे सत्तर रुपये. तासाला दोन रुपयेदेखील नव्हेत.

ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दादा, म्हणजे मी धंदा नव्हते करत, पाहुणचार करत होते."

वाचकहो, घरगुती उद्योगाच्या संदर्भात याहून नेमके वाक्य मी कोठे ऐकलेले नाही. आपल्या घरांतून स्त्रीच्या हातचे जे काही निर्माण होते, त्याची किंमत करायची नसते, असा आपला संस्कार आहे. पाहुण्याला वाढताना तो संस्कार सुंदर आहे. पण तोच संस्कार उद्योगात आणला, की घरचे तूप फुकट, घरची वीज फुकट आणि घरचे हात तर सर्वांत फुकट ठरतात. वस्तू स्वस्त होते, लोक वाहवा करतात, गिऱ्हाईक वाढते. आणि जितके गिऱ्हाईक वाढते तितकी ती बाई अधिक थकते. मग वर्ष-दोन वर्षांत भट्टी माळ्यावर जाते आणि घरातली माणसे म्हणतात, "तिला धंदा जमला नाही." तिला पदार्थ उत्तम जमलेला असतो. फक्त तिच्या मजुरीचा रकाना कोणी आखलेला नसतो.

दोन उदाहरणे

हा रकाना ज्यांनी प्रारंभापासून आखला, त्यांची दोन उदाहरणे येथे देण्याजोगी आहेत. पहिले आपल्याच मुंबईचे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. हाच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. पापड ही भट्टीतली वस्तू नव्हे, हे खरे. तथापि घरच्या हातांनी केलेल्या खाद्यपदार्थाचा उद्योग म्हणून त्याचा धडा लागू पडतो. या भगिनी आरंभी उत्तम आणि हलका असे दोन प्रतींचे पापड करीत. त्यांचे मार्गदर्शक छगनबाप्पा पारेख यांनी त्यांना सांगितले, की एकच उत्तम प्रत ठेवा, दर्जात तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा; हे दानधर्माचे नव्हे, व्यवसायाचे काम आहे. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, अशी युक्ती केली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. महत्त्वाची गोष्ट अशी, की लाटणाऱ्या प्रत्येक भगिनीला तिच्या लाटण्याचे पैसे मिळत. हातांना मजुरी आधी, नफा नंतर.

दुसरे उदाहरण दूरचे, पण अगदी भट्टीचेच. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात, फेअरफील्ड येथे मार्गारेट रडकिन नावाच्या गृहिणीने १९३७ मध्ये आपल्या दम्याने आजारी असलेल्या मुलासाठी सबंध गव्हाच्या पिठाचा पाव घरी केला. पहिला पाव दगडासारखा कठीण झाला. पुढे तो साधला तेव्हा तिने गावातल्या दुकानदाराकडे नेला. बाजारात पाव दहा सेंटला मिळे. तिने आपल्या पावाला पंचवीस सेंट मागितले. अडीचपट! कारण तिचे पीठ, तिचे लोणी आणि तिचे श्रम तिने मोजलेले होते. दुकानदाराने पावाची चव घेतली आणि तो ठेवून घेतला. 'पेपरिज फार्म' या नावाने वाढलेला तिचा उद्योग १९६१ साली कॅम्पबेल कंपनीने विकत घेतला. स्वस्तात विकून आधी गिऱ्हाईक जमवू आणि मग भाव वाढवू, असे ती म्हणाली असती तर तो पाव तिच्या स्वयंपाकघराच्या बाहेर फार काळ टिकला नसता.

नवा भाव आणि रुसलेली गिऱ्हाइके

आम्ही वही घातली. २०२२ पासून तूप बहिणीने माझ्या पत्नीकडून रोख पैसे देऊन घ्यावयाचे ठरले. प्रथम माझी पत्नी म्हणाली, "अहो, नणंदेकडून तुपाचे पैसे कसे घेऊ?" बहिणीनेच उत्तर दिले, "वहिनी, तुम्ही पैसे घेतले नाहीत तर मला पुन्हा पाहुणचारच करावा लागेल." तेव्हापासून तुपाचे पैसेही माझ्या पत्नीच्या हाती येऊ लागले, तिच्याही श्रमांचा एक रकाना त्यामुळे आपोआप आखला गेला, हे मी येथे नमूद करतो.

साहित्य, वीज आणि खोके मिळून किलोचा खर्च १९५ रुपये. एका वेळी चार किलोचे पीठ घेतल्यास साडेचार तासांत घडणे, भाजणे, निववणे आणि भरणे आटोपते, असे घड्याळ लावून पाहिले. म्हणून तासाला पन्नास रुपयांप्रमाणे किलोमागे मजुरी सुमारे ६० रुपये. मोडतोड आणि भट्टीची झीज यांसाठी १५. एकूण २७० रुपये. विक्रीचा भाव ३२० रुपये ठेवला. दुकानदाराने पंधरा टक्के घेतले तरी २७२ रुपये हाती येतात आणि मजुरी सुटते. घरून थेट विकले तर पन्नास रुपये शिल्लक पडतात. नमुन्यादाखल हे आकडे त्या वर्षीच्या भावांचे आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे भाव घालून पाहावेत. रकाने मात्र तेच राहतील.

भाव एकदम शंभर रुपयांनी वाढल्यावर जवळजवळ निम्मी गिऱ्हाइके सुटली. "मास्तरांकडे महाग झालं" असे बोल माझ्या कानी आले. नात्यातल्या एका घराने तर बोलणे कमी केले. हा काळ कठीण होता. बहीण रात्री वही उघडून बसे आणि भाव थोडा कमी करावा का, असे विचारी. मी तिला धीर दिला खरा. परंतु खरा धीर तिला आला तो वहीनेच. निम्म्या गिऱ्हाइकांवर निम्मे तास काम करूनही तिच्या मजुरीच्या रकान्यात, दिवाळीचे ते अकरा दिवस राबून जेवढे उरले होते त्याच्या कितीतरी पट रक्कम पडत होती.

पावसाळ्याची शिकवण

एक चूक मात्र पैशांची नव्हती, घाईची होती. २०२२ च्या श्रावणात एका बारशासाठी सहा किलोची मागणी आली. वेळ थोडा होता. नानकटाई पुरती निवण्याआधीच तिने खोक्यांत भरली. भट्टीतून निघालेल्या पदार्थातून वाफ निघत असते. ती बंद खोक्यात कोंडली, की तिचे पाणी होते आणि खुसखुशीत पदार्थ मऊ पडतो. त्यात पावसाळी हवा. दुसऱ्या दिवशी त्या घरून निरोप आला, की नानकटाई लिबलिबीत झाली आहे, कुबट वासही येतो आहे.

बहीण स्वतः गेली, सगळी खोकी परत आणली आणि १,९२० रुपये परत केले. त्या घरची माणसे भली होती; निम्मेच द्या म्हणाली. तिने ऐकले नाही. घरी आल्यावर मात्र ती रडली. मी म्हणालो, "नुकसान नफ्यातून वजा कर, मजुरीला हात लावू नकोस." ती म्हणाली, "दादा, चूक हातांनी केली. या वेळी हातांनीच भरायची." आणि तिने ती रक्कम स्वतःच्या मजुरीतून वजा केली. हिशेबाच्या शास्त्राने मी बरोबर असेन. पण त्या दिवशी मी पुढे बोललो नाही.

तेव्हापासून तिने नियम केला. जाळीवर पंख्याखाली पूर्ण निवल्याशिवाय भरावयाचे नाही, आणि पावसाळ्यात हवाबंद डब्याशिवाय द्यावयाचे नाही. आता पावसाळ्यात ती मागणी कमी घेते आणि तो वेळ साली पाकवण्यात घालविते. आमच्याकडे संत्र्याचा आंबिया बहार हिवाळ्याच्या आरंभी येतो. त्या वेळी साली वाळवून ठेवायच्या. पुढे भिजवून, दोनदा पाण्यात उकळून ते कडू पाणी टाकून द्यायचे आणि मग त्या साखरेच्या पाकात मुरवायच्या. बारीक चिरून नानकटाईत घातल्या, की जो स्वाद येतो तो दूरच्या कारखान्यातल्या बिस्किटाला येणार नाही. जी साल आम्ही उकिरड्यावर टाकीत होतो, तिने आमच्या नानकटाईला तिचे गाव दिले.

कागदपत्रे

ज्या भगिनींच्या मनात असा उद्योग आहे, त्यांच्यासाठी व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी. अन्नपदार्थ घरी करून विकावयाचे असले तरी २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली नोंदणी आवश्यक असते. २०११ च्या नियमांनी वर्षाला बारा लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान उत्पादकाला साधी नोंदणी पुरेशी ठरविली आणि तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये ठेवले. मर्यादा आणि मुदती बदलत असतात. म्हणून अर्ज करताना चालू नियम पाहून घ्यावेत. नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक खोक्यावरील चिठ्ठीत द्यावा. त्याच चिठ्ठीत पदार्थाचे नाव, घटक, निव्वळ वजन, केल्याची तारीख आणि किती दिवसांत संपवावा, हे असावे. वनस्पती तूप वापरले असेल तर तसे लिहावे; साजूक म्हणून खपवू नये. शाकाहाराचे हिरवे चिन्ह घालण्याआधी पदार्थात अंडे नाही याची खात्री असावी, कारण आपल्या अनेक घरांत तो श्रद्धेचा प्रश्न आहे.

भांडवलासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना सुरू केली. तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये, इतक्या कर्जसंलग्न अनुदानाची आणि बचत गटाच्या सदस्यांना प्रत्येकी ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद केली गेली. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत निःशुल्क प्रशिक्षण मिळते. माझ्या बहिणीने कर्ज घेतले नाही. पण ज्यांना मोठी भट्टी घ्यावयाची आहे त्यांनी चौकशी अवश्य करावी. मात्र आधी एक सबंध सण घरच्या लहान भट्टीवर काढावा, प्रत्येक वाटी आणि प्रत्येक तास लिहावा आणि मगच बँकेची पायरी चढावी. ज्या उद्योगात एका किलोचा हिशेब जुळत नाही, तो शंभर किलोंनी जुळत नसतो. तोटाच शंभरपट होतो.

नात्यातल्यांना भेट द्यावयाची असेल तर ती जरूर द्यावी. पण ती वहीत 'भेट' म्हणून लिहावी आणि स्वतःच्या पैशांतून विकत घेऊन द्यावी. उधारी नको. एका वेळी दोन-तीनच पदार्थ असावेत. मोडक्या तुकड्यांची किंमत भावात आधीच धरावी.

ओसरीवरची चौकट

नोंदणीचे प्रमाणपत्र लोकांना दिसेल असे लावावयाचे असते. बहिणीने विचारले, "कुठं लावू, दादा?" मी ते पुढच्या ओसरीवर, येणाऱ्याला पहिल्याने दिसेल अशा भिंतीवर लावले. आता मागच्या दाराने फक्त म्हशी जातात.

तरीही मी खोटे बोलणार नाही. जुना विद्यार्थी खोके न्यायला येतो आणि बहीण त्याच्याकडून पैसे मोजून घेते, तेव्हा क्षणभर मन अजूनही संकोचते. पन्नास वर्षांचा संस्कार दोन-तीन वर्षांत जात नाही. पण आता त्या संकोचाला मी माझा दोष समजतो, तिचा नव्हे.

२०२४ मध्ये भाचीला महाविद्यालयात प्रवेश मिळाला. शुल्क भरण्याच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे पाकीट काढले. बहीण म्हणाली, "राहू द्या, दादा." तिने वही उघडली, मजुरीच्या रकान्याखाली बेरीज केली आणि तेवढे पैसे मोजून मुलीच्या हाती दिले. पावती आणल्यावर ती वहीच्या त्याच पानावर खळीने चिकटविली. मागताना बदलणारा तो आवाज त्या दिवशी मला ऐकू आला नाही.

वाचक भगिनींना माझे एवढेच सांगणे, की भट्टी आणण्याआधी वही आणावी आणि तिच्या पहिल्या पानावर पहिला रकाना आखावा: स्वतःची मजुरी. आणि घरच्या पुरुषांना, म्हणजे माझ्यासारख्यांना, एवढेच, की तो रकाना आखताना कागद धरून ठेवावा आणि पुढचे दार उघडे ठेवावे.